हातात उरतंच किती? नोकरी करणाऱ्या आईचा पैशांचा आणि लोकांच्या बोलण्याचा हिशेब

मुलगी अकरा महिन्यांची होती. एका रात्री ती झोपल्यावर मी एका जुन्या पाकिटाच्या पाठीमागे वजाबाकी मांडली. वर माझा पगार, त्याखाली पाळणाघराची फी, प्रवास, घरकामाला येणाऱ्या मावशींचे वाढलेले पैसे. शेवटी जो आकडा उरला, त्याभोवती पेन्सिलीने इतक्यांदा गोल केला की कागद तिथे विरला. त्याच संध्याकाळी एका जवळच्या बाईंनी विचारलं होतं, "एवढी ओढाताण करून हातात उरतं तरी किती गं?"

पगारपत्रकं तयार करणं हे माझं रोजचं काम आहे, तरीही ती वजाबाकी मी चुकीची मांडली होती. आकडे बरोबर होते. पण मुलीला सांभाळण्याचा सगळा खर्च मी एकट्या माझ्या पगारातून वजा केला होता. पगाराबरोबर येणाऱ्या बाकीच्या गोष्टी धरल्या नव्हत्या. आणि पुढची दहा वर्षं ठरवायला एका महिन्याचा कागद घेऊन बसले होते. त्यानंतर अनेक मैत्रिणींबरोबर मी हाच हिशेब पुन्हा मांडला आहे. नोकरी करावी की सोडावी हे मी सांगणार नाही. निर्णय ज्या कागदावर होतो, तो कागद तरी नीट मांडलेला असावा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आधी दोन वह्या करा

पैशाचा प्रश्न आणि लोकांच्या बोलण्याचा प्रश्न एकमेकांत गुंतले की दोन्ही सुटत नाहीत. "पगार पुरत नाही म्हणून सोडतेय" असं म्हणणारीच्या मनात पुष्कळदा सासूबाईंचं एखादं वाक्य सलत असतं. आणि "माझं करिअर आहे" म्हणणारीच्या मनात "शिकून फुकट घालवलं" हे ऐकावं लागण्याची भीती असते.

म्हणून दोन आठवडे दोन नोंदी ठेवा. एका वहीत प्रत्यक्ष झालेला खर्च, रोजच्या रोज. दुसऱ्या वहीत कोण काय बोललं ते, त्याच शब्दांत, आणि शेजारी एक खूण: ही व्यक्ती माझ्या घरातलं कोणतं काम उचलते? मूल आजारी पडलं तर येते का? अडचणीला पैसे देते का? काहीच करत नसेल तर रकाना रिकामा ठेवा. दोन आठवड्यांनी ही दुसरी वही वाचताना मला जे दिसलं ते असं: सर्वांत टोचणारी वाक्यं बहुतेक रिकाम्या रकान्याच्या लोकांची होती. या वहीकडे नंतर येऊ.

महिन्याचा कागद

रक्कम प्रत्येकीची वेगळी, म्हणून इथे तुमचा पगार १०० धरू. हा आकडा कर आणि कपाती वजा जाऊन प्रत्यक्ष हातात येणाऱ्या पगाराचा. करामुळे एक फरक पडतो, तो तपासून घ्या. काही देशांत नवराबायकोचं उत्पन्न एकत्र धरून कर लागतो, आणि मग दुसऱ्या पगारावर पहिल्याच रुपयापासून वरच्या दराने कर बसू शकतो. स्वीडनने १९७१ मध्ये ही पद्धत बदलून प्रत्येकाचा कर वेगळा केला. तुमच्याकडे कर कसा मोजला जातो, हे कळल्याशिवाय १०० हा आकडा पक्का होत नाही.

आता नोकरीमुळेच होणारा खर्च लिहा. नमुन्यादाखल: पाळणाघर किंवा घरी सांभाळणाऱ्या ताई ४५, घरकामाची जास्तीची मदत १०, प्रवास ८, बाहेरचं जेवण ६, कपडे आणि ऑफिसातल्या वर्गण्या ३. एकूण ७२, उरले २८. इथे प्रामाणिक राहायचं. नोकरी नसती तरी जो खर्च झालाच असता तो यात धरू नका, आणि थकव्यामुळे होणारा खर्च लपवू नका. घाईत घेतलेली रिक्षा, उशीर झाला म्हणून पाळणाघराने लावलेले जादा पैसे, हे पहिल्या वहीत सापडतील.

हा २८ आकडा खोटा नाही. तुम्ही नोकरी थांबवलीत तर घरात दरमहा तेवढीच रक्कम कमी येईल, हे खरं आहे. चुकतं ते पुढचं वाक्य: "म्हणजे तिची नोकरी २८ चीच."

समजा, नवऱ्याचा पगार १५० आहे आणि त्याचा प्रवास, बाहेरचं जेवण वगैरे २०. मूल दोघांचं आहे. सांभाळण्याचे ४५ आणि घरकामाचे १० हे त्याच्या पगारातून वजा करून बघा: १५० मधून ७५ गेले, उरले ७५. ही वजाबाकी तुमच्या घरात कुणी कधी केली आहे का? माझ्या घरी नव्हती केली. आम्ही ती त्याच कागदावर शेजारी लिहिली, तेव्हा नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे मी कधी असं बघितलंच नव्हतं." दोघांनी पगाराच्या प्रमाणात खर्च उचलायचा ठरवला, तर त्या ५५ पैकी ३३ त्याचे आणि २२ तुमचे. तुमचे स्वतःचे १७ (प्रवास, जेवण, कपडे-वर्गण्या) वजा जाता तुमच्याकडे ६१ उरतात. घरात येणारी एकूण रक्कम यामुळे बदलत नाही. पण "मुलाचा खर्च म्हणजे आईच्या नोकरीचा खर्च" ही समजूत त्या कागदावरून हलते, आणि घरातली पुढची सगळी बोलणी वेगळी होतात.

न दिसणारी जमा

पगाराची चिठ्ठी काढा आणि खालच्या भागात बघा. मालकाकडून निवृत्तीच्या निधीत पडणारा हिस्सा, आरोग्य विमा, भरपगारी रजा, वर्षाचा बोनस. यातल्या प्रत्येकाची किंमत काढता येते. विम्यासाठी सोपा उपाय: तेवढंच संरक्षण बाहेर घ्यायचं झालं तर हप्ता किती पडेल, ते विचारा. या सगळ्याचे, समजा, १२ धरले तर २८ चे ४० होतात. निवृत्तीचा निधी तर लहान वयातच सर्वांत मोलाचा असतो, कारण त्यावरचं व्याज पुढे तीस वर्षं व्याजावर व्याज घेत राहतं. तिशीत भरलेला पैसा आणि चाळिशीत भरलेला तेवढाच पैसा साठीला सारखे उरत नाहीत.

एक जमा मात्र आकड्यात बसत नाही. ज्या घरात दोन पगार येतात, तिथे एक पगार गेला तर दुसरा उभा असतो. आजारपण, नोकरी जाणं, वैधव्य, घटस्फोट. हे शब्द लिहायला कुणालाच आवडत नाहीत. पण बायकांच्या आयुष्यात ते येतात, आणि तेव्हा काय असतं-नसतं ते आधीच ठरून गेलेलं असतं.

दहा वर्षांचा कागद

या टप्प्यावर घाई करू नका. जमल्यास रविवारी दुपारी दोघं मिळून बसा.

आता १०० म्हणजे तुमचा पहिल्या वर्षाचा पूर्ण पगार. महागाई वगळून पगार दरवर्षी ३ टक्के वाढतो असं धरू. दहा वर्षांची बेरीज होते सुमारे ११४६. खर्च पहिली तीन वर्षं दरवर्षी ७२, मूल थोडं मोठं झालं की पुढची तीन वर्षं ५०, आणि शेवटची चार वर्षं ३५. एकूण ५०६. दहा वर्षांत निव्वळ उरतात ६४०. या ६४० पैकी पहिल्या तीन वर्षांत फक्त ९३ उरतात, बाकीचे ५४७ नंतरच्या सात वर्षांत. म्हणजे आपण नेमकं सर्वांत वाईट काळात कागद घेऊन बसतो आणि तोच काळ कायमचा समजतो.

आता दुसरी बाजू. पाच वर्षं थांबून सहाव्या वर्षी ८० वर पुन्हा सुरुवात केली, असं धरू. पाच वर्षांत पगार येतो ४२५, खर्च १९०, उरतात २३५. दोन्हींतला फरक ४०५, म्हणजे आजच्या पगाराने चार वर्षांहून थोडा जास्त. शिवाय दहाव्या वर्षी एकीचा पगार १३० आणि दुसरीचा ९०, आणि हे अंतर पुढेही राहतं.

हे आकडे माझे गृहीत आहेत. तुम्ही तुमचे घाला. तुमच्या क्षेत्रात पाच वर्षांनी परतणं सोपं असेल, पगार वर्षानुवर्षं हलतच नसेल, किंवा दोन मुलं पाठोपाठची असतील, तर उत्तर उलटंही येऊ शकतं. एका मैत्रिणीचं तसंच आलं होतं, आणि तिने समाधानाने नोकरी थांबवली.

आई झाल्यावर कमाईत पडणारा खड्डा नंतर आपोआप भरून येतो, असं मात्र धरू नका. डेन्मार्कमधल्या १९८० ते २०१३ या काळातल्या सरकारी नोंदींवरून अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं, तेव्हा पहिल्या मुलानंतर स्त्रियांची कमाई पुरुषांच्या तुलनेत दीर्घकाळ सुमारे २० टक्क्यांनी मागे राहिलेली दिसली. पाळणाघरं आणि रजा यांची सोय तिथे उत्तम आहे, तरीही. २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी यामागचं एक कारण दाखवलं आहे: जी कामं रात्री-अपरात्री हाकेला हजर राहण्याची मागणी करतात, ती तासाच्या मानाने फारच जास्त पैसे देतात. मूल झाल्यावर घरातलं एक माणूस अशा कामाला राहतं आणि दुसरं वेळेवर घरी येता येईल असं काम धरतं. हे दुसरं माणूस बहुतेक वेळा आई असते. म्हणून नवरा बढती घेतोय, जास्त तासांचं काम घेतोय, तेव्हाही हा दहा वर्षांचा कागद काढा. त्या बढतीचा खर्च कुणाच्या पगारातून जाणार आहे, हे तिथे दिसेल.

थांबायचं ठरलं तर

नीट विचार करून थांबणं यात काहीच कमीपणा नाही. फक्त काही कामं राजीनाम्याच्या आधी करायची, कारण नंतर ती होत नाहीत. विम्याचं संरक्षण जाणार असेल तर पर्यायी विमा आधी चालू करा. मधे एक दिवसही मोकळा नको. निवृत्तीचा निधी काढून घेऊ नका. थांबण्याच्या काळात घराच्या उत्पन्नातून तुमच्या नावावर दरमहा ठरावीक रक्कम टाकायची, हे नवऱ्याशी बोलून लिहून ठेवा. "आपलं सगळं एकच आहे" हे प्रेमाने म्हटलेलं असतं, पण खात्यावर नाव एकाचंच असतं. अनुभवाची पत्रं, पगाराच्या चिठ्ठ्या, केलेल्या कामाची यादी ऑफिसचा ईमेल बंद होण्याआधी स्वतःकडे घ्या.

पूर्ण थांबण्याआधी मधले रस्तेही विचारून बघा: बिनपगारी रजा, कमी तास, घरून काम, वेगळी पाळी. मागणी तोंडी करू नका. किती महिने, कोणते तास, कोणतं काम कोण बघेल, हे एका पानावर लिहून द्या. साहेबाला नाही म्हणणं सोपं जातं ते धूसर मागणीला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात किमान १४ आठवड्यांची रजा आणि कामाच्या वेळेत बाळाला पाजण्यासाठी वेळ ही तरतूद आहे. प्रत्येक देशाने तो करार स्वीकारलेला नाही, तेव्हा तुमच्या देशाचा कायदा आणि तुमच्या कंपनीची नियमावली आधी वाचा, मग बोलायला जा.

चालू ठेवायचं ठरलं तर

इथे सर्वांत जास्त फाटतं ते आजारपणाच्या दिवशी. सकाळी साडेसातला मूल तापलेलं असतं, आठला निघायचं असतं, आणि कोण थांबणार हे दाराशी चप्पल घालता घालता ठरतं. मग आईच थांबते. हे आधीच ठरवा: सम तारखेला तो, विषम तारखेला ती, किंवा आठवड्याचे वार वाटून. पाळणाघराच्या अर्जावर पहिला फोन नंबर वडिलांचा द्या. ही एवढीशी गोष्ट, पण आमच्या घरी तिने जेवढं बदललं तेवढं कुठल्याच बोलण्याने बदललं नव्हतं. पहिल्याच महिन्यात दुपारी दोनला फोन त्याला गेला. तो उठला, गेला, मुलीला घेऊन आला. संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं आणि औषधाच्या वेळा त्याने कपाटाच्या दारावर लिहून चिकटवल्या होत्या.

घरकाम वाटताना हाताने करायच्या कामांची यादी लोक करतात, डोक्यात ठेवायच्या कामांची करत नाहीत. लसीची तारीख, संपत आलेलं औषध, लहान झालेले बूट, शाळेत द्यायचं पत्र. ही यादी स्वतंत्र लिहा आणि काम वाटा तेव्हा ते आठवणीसकट द्या. "सांगितलं की करतो" यात सांगण्याचं काम तुमच्याकडेच उरतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातल्या बिनपगारी काळजी-कामाचा जवळपास तीन चतुर्थांश भार बायका उचलतात. तुमच्या घरातला भाग किती, हे यादीतल्या ओळी मोजून कळेल.

एकट्याने मूल वाढवणाऱ्या आईपुढे सोडू की ठेवू हा प्रश्नच नसतो. तिने वरचा महिन्याचा कागद करावाच, पण त्याहून आधी दोन माणसं ठरवावीत, जी अर्ध्या तासात मुलापाशी पोचू शकतात. आणि तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत बाकी सगळी बचत पुढे ढकलावी.

आता दुसरी वही

बोलणी नोकरी करणारीलाही आणि घरी असणारीलाही बसतात. जर्मन भाषेत बाळ सोडून कामाला जाणाऱ्या आईसाठी 'राबेनमुटर', म्हणजे डोमकावळ्यासारखी आई, असा शब्दच आहे. आपल्याकडे शब्द नाही, वाक्यं आहेत.

ज्यांचा रकाना रिकामा आहे, त्यांना समजावत बसू नका. समजावणं म्हणजे त्यांच्यापुढे अर्ज करणं. "मुलाला कोण बघतं मग?" याला "आम्ही दोघं बघतो, आणि पाळणाघर चांगलं आहे," एवढं पुरे. "पैशाची एवढी काय गरज?" याला "आमचं ठरलंय तसं." पुढे विषय बदला. पगाराचा आकडा सांगू नका. सांगितला की त्याची वजाबाकी पुढच्या बैठकीत दुसरं कुणीतरी करतं.

ज्या सासूबाई किंवा आई दिवसभर तुमचं मूल सांभाळतात, त्यांचं बोलणं मात्र वेगळं ऐका. "आमच्या वेळी असं नव्हतं" या वाक्यात कधी कधी "मी दमले आहे" हे दडलेलं असतं. माझ्या सासूबाई सतत म्हणायच्या, "पोरगी दिवसभर आई आई करते." एकदा मी शेजारी बसून विचारलं, "आई, तुम्हाला झेपतंय का?" त्यांचे डोळे भरले. गुडघे दुखत होते, आणि ते सांगायला त्यांना संकोच वाटत होता. आम्ही दुपारच्या चार तासांसाठी मदतनीस ठेवली. मग ते वाक्य पुन्हा ऐकू आलं नाही. वजाबाकीत एक ओळ वाढली, ती वाढायलाच हवी होती. आजीचे कष्ट इतके दिवस आम्ही शून्य धरले होते.

टोमणा नवऱ्याच्या माणसांकडून आला तर उत्तर नवऱ्याने द्यावं. त्याला आधी शांतपणे सांगा, वाक्यसुद्धा ठरवून ठेवा: "हा आमच्या दोघांचा निर्णय आहे." तुम्ही दिलेलं उत्तर भांडण ठरतं, त्याने दिलेलं नाही.

ऑफिसातलं बोलणं कमी ऐकू येतं आणि जास्त महाग पडतं. शेली कोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. सारख्याच योग्यतेचे दोन अर्ज, फक्त एकात ती आई आहे हे कळेल असा उल्लेख. आई असलेलीला कमी सक्षम, कामाशी कमी बांधील मानलं गेलं, आणि तिला सुचवलेला पगारही कमी होता. वडील असलेल्यांचं तसं नुकसान झालं नाही. म्हणून "तुला जमणार नाही म्हणून विचारलं नाही" असं काळजीच्या सुरात आलं, तर तिथेच सांगा, "मला विचारा, मी ठरवेन." वर्षभरात पूर्ण केलेल्या कामांची तारीखवार नोंद ठेवा आणि वार्षिक मूल्यमापनात ती समोर ठेवा.

उरतं आपलं स्वतःचं मन, आणि ते सर्वांत कठोर बोलतं. मुलाचं नुकसान होतंय का? १९९१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तेराशेहून जास्त मुलांना वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. फक्त आईजवळ वाढलेली मुलं आणि इतरांकडेही वाढलेली मुलं यांच्या एकूण वाढीत मोठा फरक आढळला नाही. घर कसं आहे, आईवडील मुलाशी कसे वागतात, याचा प्रभाव जास्त होता. सांभाळण्याचा दर्जा चांगला असेल तिथे मुलांची भाषा अधिक चांगली दिसली. फार जास्त तास पाळणाघरात जाणाऱ्या मुलांत हट्टीपणा थोडा जास्त दिसला. यातून करण्यासारखं एवढंच: फीमधे काटकसर करून दर्जा घालवू नका, आणि तास कमी करता येत असतील तर दोघांनी मिळून करा, एक जण लवकर सोडेल आणि दुसरं लवकर आणेल. पाळणाघर निवडताना एकदा न सांगता दुपारी जाऊन बघा. रडणाऱ्या मुलाजवळ कुणी बसतंय का, एवढं पाहिलंत तरी पुष्कळ कळतं. मोठ्या झालेल्या मुलांबद्दल कॅथलीन मॅगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अनेक देशांतला अभ्यास सांगतो की नोकरी करणाऱ्या आयांच्या मुली स्वतः नोकरीत असण्याची शक्यता जास्त, त्यांची कमाईही जास्त, आणि मुलगे घरच्यांच्या काळजीला जास्त वेळ देतात.

तारीख टाका

कोणताही निर्णय झाला तरी कागदाच्या वर आजची तारीख आणि पुन्हा बसायची तारीख लिहा. सहा महिने ठीक आहेत. त्या दिवशी चारच गोष्टी बघा: पाळणाघराचा खर्च बदलला का, दोघांचे पगार बदलले का, गेल्या सहा महिन्यांत आजारपणाचे दिवस प्रत्यक्षात कुणी घेतले, आणि दोघांपैकी कोण जास्त थकलंय. मधल्या काळात कुणी काहीही बोललं तरी निर्णय त्या दिवसापर्यंत उघडायचा नाही. वाईट आठवडा आला की मी कागदाकडे बघून स्वतःला तेवढंच सांगायचे: अजून नऊ आठवडे, मग बसू.

ते पाकीट मी जपून ठेवलं आहे. मुलगी शाळेत जाऊ लागली त्या महिन्यात आम्ही नवा कागद केला, त्याला टाचणीने जोडला. पाळणाघराची ओळ निम्म्यावर आली होती, मदतनीस ताईंची ओळ तशीच ठेवली होती, आणि या वेळी पेन्सिल नवऱ्याच्या हातात होती.